क्लॉक बंद कोण करतं? लिनक्स कर्नलमधला एक करार, सोप्या भाषेत

बोर्ड टेबलावर होता, सिरियल केबल लॅपटॉपला लावलेली होती आणि टर्मिनलवर बूटच्या ओळी भराभर सरकत होत्या. मेमरी सापडली, एसडी कार्ड सापडलं, नेटवर्कची चिप ओळखली गेली. दोन सेकंदांच्या आसपास सगळं थांबलं. शेवटची ओळ शब्दाच्या मधेच तुटली होती. एरर नाही, पॅनिकचा संदेश नाही. बोर्डवरचा छोटा हिरवा दिवा मात्र ठरल्या तालात लुकलुकत होता. म्हणजे कर्नल, लिनक्सचा हार्डवेअर सांभाळणारा गाभा, जिवंत होतं, फक्त त्याचा आवाज गेला होता.

तो दिवस आणि पुढचा अर्धा दिवस मी ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एकेक हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमध्ये, दोष शोधत होतो. तो तिथे नव्हता. कर्नलने जे लिहून कबूल केलं आहे तेच त्याने केलं होतं. लिनक्समध्ये हार्डवेअरचे क्लॉक कसे चालू-बंद होतात हे एका हेडर फाइलमधल्या (फंक्शनांची नावं आणि वापर सांगणाऱ्या फाइलमधल्या) टिपांमध्ये आणि डॉक्युमेंटेशनच्या एका पानात सांगितलेलं आहे. ते वर्णन चुकीचं नाही, पण इतकं आटोपशीर आहे की एकेका शब्दापाशी थांबावं लागतं. हा लेख त्या शब्दांसाठी आहे.

कोणता क्लॉक?

क्लॉक म्हटलं की घड्याळ डोळ्यांपुढे येतं आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. कर्नलमध्ये हा शब्द निदान तीन गोष्टींसाठी वापरतात. तारीख-वेळ सांभाळणारी, बटन सेलवर चालणारी आरटीसी चिप ही एक. किती वेळ गेला ते मोजायला कर्नल ज्या काउंटरकडे बघतं तो क्लॉकसोर्स ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे चिपच्या प्रत्येक भागाला ‘टाक पुढचं पाऊल’ असं सांगणारा विजेचा ठोका. आपला विषय हा तिसरा.

या ठोक्याला किती वाजले याच्याशी देणंघेणं नाही. तो सेकंदाला लाखो-कोटी वेळा नुसता वर-खाली होतो आणि दर ठोक्याला त्या भागातली सर्किटं एक पाऊल पुढे सरकतात. ठोका थांबला की तो भाग जागच्या जागी गोठतो. वीज असते, आतली माहितीही असते, पण काही हलत नाही.

मग ठोका थांबवायचाच कशाला? वीज वाचवायला. सर्किटं बदलताना जी वीज खर्च होते ती ठोक्याच्या वेगाबरोबर वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाबरोबर वाढते. कॅमेरा कुणी उघडलेला नसताना कॅमेऱ्याच्या भागाला ठोके देत राहणं म्हणजे रिकाम्या खोलीत पंखा लावून ठेवणं. फोनच्या चिपमध्ये असे शेकडो क्लॉक असतात, आणि ज्याची गरज नाही तो थांबवणं हे कर्नलचं रोजचं काम आहे.

हे शेकडो ठोके येतात कुठून? बोर्डवर एक क्रिस्टल असतो, बऱ्याचदा २४ मेगाहर्ट्झचा. रास्पबेरी पायच्या सुरुवातीच्या मॉडेलांवर तो १९.२ मेगाहर्ट्झचा आहे, रास्पबेरी पाय ४ वर ५४ मेगाहर्ट्झचा. त्या क्रिस्टलच्या ठोक्याला पीएलएल नावाचं सर्किट पटीने वाढवतं. २४ च्या २५ पट म्हणजे ६०० मेगाहर्ट्झ. पुढे डिव्हायडर त्याला भागतात, मक्स दोन-चार उगमांतून एक निवडतात आणि शेवटी प्रत्येक भागाच्या तोंडाशी एक दार असतं, उघडबंद होणारं.

ज्याने धरणाचं पाणी शेतापर्यंत येताना पाहिलं आहे त्याला ही रचना समजवावी लागत नाही. धरण, मुख्य कालवा, वितरिका, चारी आणि शेवटी आपल्या वावराचं दार. वरचं दार बंद असेल तर आपलं दार उघडून उपयोग नाही. आपल्याला पाणी नको झालं म्हणून चारीचं दार पाडता येत नाही, कारण त्याच चारीवर शेजाऱ्याचा ऊस आहे. उपमा एका जागी मात्र तुटते. शेजाऱ्याने पाणी घेतलं की आपलं कमी होतं, ठोक्याचं तसं होत नाही, एक ठोका कितीही जणांना पुरतो. पण ठोक्याचा *वेग* सगळ्यांचा सामायिक असतो, आणि खरी भांडणं वेगावरून होतात. त्याकडे पुढे येतोच.

‘बंद कर’ आणि ‘मला नको’

आज ज्या हेडर फाइलमध्ये हा करार लिहिलेला आहे ती २००४ सालची आहे, एआरएम चिपांसाठी रसेल किंग यांनी आणलेली. त्या फाइलने फक्त फंक्शनांची नावं आणि त्यांचा अर्थ ठरवला, आतली अंमलबजावणी ज्याची त्याने करायची. परिणाम असा झाला की प्रत्येक चिपच्या कुळाने आपापली अंमलबजावणी लिहिली, आपापल्या समजुतीप्रमाणे. नावं तीच, वागणं वेगळं. एकच कर्नल दोन वेगळ्या कुळांच्या चिपांवर चालवायचं तर ते जमेना, कारण ‘क्लॉक’ म्हणजे काय याच्या दोन व्याख्या एका घरात नांदू शकत नव्हत्या. २०१२ साली माइक टर्केट यांचं कॉमन क्लॉक फ्रेमवर्क लिनक्स ३.४ मध्ये आलं आणि सगळ्यांसाठी एक सामायिक गाभा तयार झाला.

इतिहास एवढ्यासाठी सांगितला की या करारात दोन पक्ष आहेत आणि त्यांची भेट सहसा होत नाही. एक ड्रायव्हर लिहिणारा, ज्याला ठोका हवा आहे. दुसरा त्या चिपच्या क्लॉकचा कोड लिहिणारा, जो ठोका पुरवतो. दोघांमध्ये वर्षांचं आणि देशांचं अंतर असू शकतं. मधे असतात त्या फक्त हेडरमधल्या टिपा. म्हणून तिथल्या क्रियापदाला वजन आहे.

क्लॉक-एनेबल या फंक्शनची टीप बघा. ‘क्लॉक चालू करा’ असं तिथे म्हटलेलं नाही. हा क्लॉक चालू असायला हवा हे यंत्रणेला *कळवा*, असं म्हटलं आहे. क्लॉक-डिसेबलची टीप तर आणखी जपून लिहिली आहे: या ड्रायव्हरला आता क्लॉकची गरज उरलेली नाही हे कळवा, आणि तो बंद केला *जाऊ शकतो*. जाईलच असं नाही. नाव ऐकून वाटतं की डिसेबल म्हणजे ‘बंद कर’. कराराप्रमाणे त्याचा अर्थ ‘मला आता नको’ एवढाच आहे.

फरक शब्दांपुरता नाही. समजा तुम्ही एखादं हार्डवेअर थांबवण्यासाठी त्याचा क्लॉक डिसेबल केला आणि धरून चाललात की आता ते गोठलं. तुमच्या टेबलावरच्या बोर्डवर ते गोठतंही, कारण तिथे तो क्लॉक दुसरं कुणी वापरत नाही. पुढच्या पिढीच्या चिपमध्ये तोच क्लॉक दुसऱ्या एका भागालाही जोडलेला असतो. आता डिसेबल केल्यावरही ठोके चालू राहतात आणि तुमचं हार्डवेअर तुमच्या नकळत मेमरीत लिहीत बसतं. थांबवायचं असेल तर त्या हार्डवेअरचा स्वतःचा स्टॉप बिट वापरा, क्लॉकवर विसंबू नका. करारात ते आहे, फक्त ‘शकतो’ या एका शब्दात आहे.

आतमध्ये हे सांभाळलं जातं मोजणीने. कुणी एनेबल म्हटलं की आकडा एकने वाढतो, डिसेबल म्हटलं की एकने उतरतो. शून्यावरून एकवर जाताना दार उघडतं, एकवरून शून्यावर येताना बंद होतं. मधल्या सगळ्या हाका हार्डवेअरपर्यंत पोचतच नाहीत. आणि पोराचा, म्हणजे खालचा, क्लॉक उघडताना आधी त्याच्या बापाचा, म्हणजे वरच्या क्लॉकचा, आजोबाचा असा मुळापर्यंतचा रस्ता उघडला जातो. ड्रायव्हरने त्याची काळजी करायची नसते.

याच मोजणीत एक अशी खाच आहे जिच्यावर माझ्या मते डॉक्युमेंटेशनमध्ये एक ठळक परिच्छेद हवा. आकडा त्या क्लॉकचा असतो, मागणाऱ्याचा नसतो. कोणी किती वेळा एनेबल म्हटलं याची वेगळी वही कुठे नाही. समजा ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन ड्रायव्हर एकच क्लॉक वापरतात. दोघांनी एकेकदा एनेबल म्हटलं, आकडा दोन. एरर आल्यावर ‘अ’चा कोड ज्या वाटेने जातो त्या वाटेवर चूक आहे आणि तो दोनदा डिसेबल म्हणतो. आकडा शून्य, दार बंद. ‘ब’ कामाच्या मधोमध गोठतो. पुढे कधीतरी ‘ब’ शिस्तीत आपलं एक डिसेबल म्हणतो आणि तेव्हा कर्नल लॉगमध्ये मोठ्ठी वॉर्निंग छापतं की हा क्लॉक आधीच बंद आहे. त्या वॉर्निंगखाली फंक्शनांची जी माळ छापली जाते तिच्यात ‘ब’चं नाव असतं. चोरी ‘अ’ने केली आणि पंचनाम्यात ‘ब’. अशी वॉर्निंग आली की ज्याचं नाव दिसतं त्याच्या आधी, तोच क्लॉक वापरणाऱ्या बाकीच्यांना तपासा.

तपासायचं कसं? डीबगएफएसमध्ये, म्हणजे कर्नलच्या आतलं दाखवणाऱ्या खास फोल्डरांमध्ये, क्लॉकच्या फोल्डरात क्लॉक-समरी नावाची फाइल असते. ती उघडली की सगळं झाड पायऱ्यापायऱ्यांनी दिसतं आणि प्रत्येक क्लॉकपुढे एनेबलचा आकडा, प्रिपेअरचा आकडा, सध्याचा वेग. नवीन बोर्ड हातात आला की मी आधी ही फाइल संपूर्ण वाचतो. कोणता क्लॉक कुणाचा बाप हे चिपच्या हजार पानी मॅन्युअलमध्ये शोधायला लागतो त्याच्या दहाव्या हिश्शाच्या वेळात ते इथे दिसतं.

दोन पायऱ्या का?

नव्याने शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त कोड्यात पाडणारी गोष्ट म्हणजे क्लॉक चालू करायला दोन फंक्शनं लागतात. आधी क्लॉक-प्रिपेअर, मग क्लॉक-एनेबल. बंद करताना उलट, आधी डिसेबल, मग अनप्रिपेअर. एकाने भागलं नसतं का?

कारण वेळेत आहे. काही दारं एका रजिस्टरमधला (चिपच्या आतल्या नोंदीच्या खणातला) एक बिट बदलून उघडतात, काम डोळ्याचं पातं लवण्याआधी संपतं. पण पीएलएल चालू केला की त्याचा ठोका लगेच स्थिर होत नाही, तो आपल्या वेगावर ‘लॉक’ होईपर्यंत थांबावं लागतं. काही क्लॉक तर चिपच्या बाहेर, आय-टू-सी बसवर (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांवर) लटकलेल्या वेगळ्या चिपमधून येतात. त्या चिपमधलं एक रजिस्टर लिहायचं तर पत्ता, रजिस्टर आणि माहिती असे तीन बाइट पाठवायचे, प्रत्येकी नऊ ठोके. १०० किलोहर्ट्झच्या बसवर ते झाले २७० मायक्रोसेकंद. तोवर हाक मारणाऱ्या थ्रेडला झोपवून प्रोसेसरला दुसऱ्या कामाला लावणं शहाणपणाचं.

अडचण अशी की झोपणं सगळीकडे चालत नाही. इंटरप्ट हँडलरमध्ये (हार्डवेअरने हाक मारताच हातातलं काम थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) किंवा स्पिनलॉक, म्हणजे न झोपता वाट बघायला लावणारं कुलूप, हातात असताना कर्नलचा कोड झोपला तर ‘शेड्युलिंग व्हाइल अटॉमिक’ असं कर्नल लॉगमध्ये ओरडतं, आणि ते रास्तच आहे. पण ड्रायव्हरना नेमकं अशाच जागी क्लॉक पटकन चालू-बंद करायचा असतो, दोन कामांच्या मधल्या फटीत वीज वाचवायला.

म्हणून कामाची फाळणी झाली. ज्याला वेळ लागू शकतो ते सगळं प्रिपेअरमध्ये, झटपट होणारं एनेबलमध्ये. विहिरीवरची मोटर सुरू करून पाइप भरून घेणं ही एक गोष्ट, आणि शेताच्या टोकाला कॉक फिरवणं ही दुसरी. कर्नलमध्ये या दोन बाजूंना दोन वेगळी कुलपं आहेत. एनेबल-डिसेबलसाठी स्पिनलॉक, बाकी सगळ्यासाठी म्यूटेक्स, ज्याची वाट बघताना झोपता येतं. वेग बदलणं, बाप बदलणं हेही म्यूटेक्सच्या बाजूचं. त्यामुळे इंटरप्ट हँडलरमधून वेग बदलता येत नाही, हे वेगळं पाठ करायची गरजच नाही. कोणतं काम कोणत्या कुलपाखाली आहे हे कळलं की उत्तर आपोआप मिळतं.

प्रिपेअर न करता एनेबल केलं तर आजचं कर्नल वॉर्निंग देऊन नकार देतं. पण एक सूक्ष्म गोष्ट वाचकाच्या हातून निसटते. प्रिपेअर झाल्यावर ठोका अजून सुरू झालेला नाही, *असंही* धरता येत नाही. ज्या क्लॉकला झटपट दार नाही, त्याचं सगळं काम प्रिपेअरमध्येच उरकतं आणि ठोके तिथूनच वाहू लागतात. करार एवढंच सांगतो: दोन्ही पायऱ्या चढल्यावर ठोका नक्की मिळेल. एका पायरीवर काय असेल याचं वचन कुणालाच दिलेलं नाही.

ज्या ड्रायव्हरला ही बारकाई लागतच नाही, त्यांच्यासाठी दोन्ही पायऱ्या एकत्र चढणारं क्लॉक-प्रिपेअर-एनेबल आहे. बहुतेकांनी तेच वापरावं.

वेग मागणं आणि वेग मिळणं

आता वेगाचा प्रश्न. क्लॉक-सेट-रेटला आकडा दिला, त्याने शून्य परत केलं, म्हणजे काम झालं. बरोबर?

एक उदाहरण घेऊ. ऑडिओच्या चिपला सेकंदाला ४८,००० नमुन्यांसाठी २५६ पट, म्हणजे १२.२८८ मेगाहर्ट्झचा ठोका हवा आहे. क्लॉकच्या झाडात मात्र २४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि पूर्णांकानेच भागणारा एक डिव्हायडर, एवढंच आहे. २४ ला १ ने भागलं तर २४, २ ने भागलं तर १२. कर्नलचा साधा डिव्हायडर मागितलेल्या वेगाच्या वर न जाणारा सगळ्यात जवळचा वेग निवडतो, म्हणजे १२. तो लावतो आणि शून्य परत करतो. शून्याचा अर्थ ‘मागितलेलं दिलं’ असा नाही. ‘जमेल तितकं जवळचं दिलं’ असा आहे.

१२ मेगाहर्ट्झला २५६ ने भागलं की ४६,८७५. म्हणजे आवाज वाजतो, अडखळत नाही, तुटत नाही, फक्त सुमारे अडीच टक्के सावकाश वाजतो. साठ मिनिटांचं रेकॉर्डिंग संपायला ६१ मिनिटं २६ सेकंद लागतात, आणि गाणाऱ्याची पट्टी जवळजवळ पाव सुराने उतरते. जाणता कान लगेच ओळखेल, पण टेस्टच्या यादीत ‘आवाज आला का’ एवढाच रकाना असेल तर ‘आला’ अशी खूण पडून माल बाजारात जाईल.

यासाठी करारात क्लॉक-राउंड-रेट आहे आणि त्याची टीप मला संपूर्ण हेडरमध्ये सगळ्यात सुरेख लिहिलेली वाटते. ती प्रश्नाच्या रूपात आहे: मी हा आकडा सेट-रेटला दिला असता तर शेवटी कोणता वेग हाती आला असता? हार्डवेअरला हात न लावता उत्तर मिळतं. कुठलंही वर्णन लिहिताना हा नमुना डोळ्यांपुढे ठेवावा. फंक्शन काय करतं हे सांगण्याऐवजी वाचकाच्या मनातला प्रश्नच तिथे लिहिला आहे.

गेट-रेट सध्याचा वेग सांगतं. इथला गेट म्हणजे ‘मिळवणे’, दार नव्हे. गोंधळ नको म्हणून दाराला मी दारच म्हणतो आहे. टीप म्हणते की क्लॉक एनेबल केलेला असेल तरच हे उत्तर ग्राह्य. प्रत्यक्षात आजचं फ्रेमवर्क दार बंद असतानाही साठवून ठेवलेला आकडा बिनतक्रार देतं, म्हणून कित्येक ड्रायव्हर एनेबल करण्याआधीच वेग विचारतात आणि त्यांचं चालून जातं. चालून जाणं आणि वचन असणं यांत फरक आहे. उद्या पुरवणाऱ्याने वागणं बदललं तर करार त्याच्या बाजूने असेल. आणखी एक बारीक गोष्ट: क्लॉक ऐच्छिक असेल आणि बोर्डवर तो नसेल, तर ड्रायव्हरच्या हाती रिकामा पॉइंटर येतो आणि गेट-रेट शून्य सांगतं. त्या शून्याने भागाकार केला की पुढे काय होतं ते सांगायला नको.

आता शेजाऱ्याचं भांडण. ६०० मेगाहर्ट्झच्या पीएलएलखाली दोन पोरं आहेत. सिरियल पोर्ट १२ ने भागून ५० मेगाहर्ट्झ घेतो, आणि स्वतःच्या आत पुढे १६ आणि २७ ने भागून ११५,७४० चा बॉड रेट (सेकंदाला किती बिट जातात तो वेग) बनवतो. हवा होता ११५,२००; अर्ध्या टक्क्याचीही चूक नाही, सिरियल खुशाल चालतं. दुसरं पोर डिस्प्ले. १०२४ बाय ७६८ च्या पडद्याला ६५ मेगाहर्ट्झ लागतात. ६०० ला ९ ने भागलं तर ६६.६७ येतात, जमत नाही. डिस्प्लेच्या क्लॉकवर ‘गरज पडली तर बापाचाही वेग बदल’ अशी खूण लावलेली असेल, तर फ्रेमवर्क वर चढतं, पीएलएल ५२० वर आणतं आणि ८ ने भागून अचूक ६५ देतं. डिस्प्ले खूश.

त्याच क्षणी सिरियलचे ५० मेगाहर्ट्झ ४३.३३ झाले. बॉड रेट ११५,७४० वरून सुमारे १००,३०० वर घसरला, तेरा टक्क्यांनी. सिरियलचं एक अक्षर दहा बिटांचं असतं. दर बिटामागे तेरा टक्के मागे पडत गेलं तर शेवटापर्यंत एका अख्ख्या बिटाहून जास्त घसरण होते आणि समोरचा भलतेच बिट वाचतो. टर्मिनलवर चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटू लागतात. पडदा उजळला की सिरियल बिघडतं, अशी तक्रार येते आणि लोक केबल बदलत बसतात.

सेट-रेटच्या टिपेत याची सूचना आहे. वेग बदलताना ज्याच्यावर परिणाम होतो अशा सगळ्यात वरच्या क्लॉकपासून सुरुवात होते आणि खालपर्यंत उतरत जाते, असं ती सांगते. नीट वाचलं तर त्यातच धोक्याचा इशारा आहे, पण तो हार्डवेअरच्या क्रमाबद्दलचा तपशील म्हणून लिहिला आहे; ‘तुमच्या मागणीने दुसऱ्याचा वेग बदलू शकतो’ असं सरळ म्हटलेलं नाही. मला ते वाक्य तिथे हवं आहे, आणि त्यापुढे उपायही. उपाय आहेत: वेग बदलण्याआधी सूचना मिळावी अशी नोंदणी ड्रायव्हर करू शकतो आणि त्या वेळी नकारही देऊ शकतो, किंवा सेट-रेट-एक्सक्लुझिव्ह वापरून आपला वेग गोठवून ठेवू शकतो.

शेवटची झाडलोट

आता माझ्या मुक्या झालेल्या बोर्डकडे.

कर्नल सुरू होण्याआधी बूटलोडर चालतो आणि त्याला लागणारे क्लॉक तो चालू करून ठेवतो. कर्नल आलं की त्याला ते चालू दिसतात, पण त्याच्या वहीत त्यांच्यापुढे शून्य असतं, कारण कर्नलमधल्या कुणी ते अजून मागितलेले नाहीत. बूटच्या अगदी अखेरच्या टप्प्यात कर्नल एक झाडलोट करतं: जे चालू आहेत पण ज्यांची मागणी शून्य आहे, ते सगळे बंद.

आमच्या बोर्डच्या डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डवर काय कुठे आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, सिरियल पोर्टच्या नोंदीत क्लॉकचा *संदर्भ* नव्हता. त्याऐवजी नुसता वेग लिहिला होता, २४०००००० असा आकडा. ड्रायव्हरला बॉड रेटचं गणित करायला तो पुरला आणि त्याने कोणताही क्लॉक मागितला नाही. मागण्याजोगं काही त्याच्यापुढे नव्हतंच. बूटलोडरच्या पुण्याईवर दोन सेकंद ओळी छापल्या गेल्या, मग झाडलोट आली. आकडा होता, मागणी नव्हती.

शोधताना दोन गोष्टी कामी आल्या आणि दोन्ही डॉक्युमेंटेशनच्या त्या पानावर आहेत. बूटच्या पॅरामीटरमध्ये क्लॉक-इग्नोर-अनयूज्ड लिहिलं की झाडलोट होत नाही. लिहिलं, बोर्ड शेवटपर्यंत बोलला. म्हणजे गुन्हा झाडलोटीच्या वेळचा, एवढं नक्की झालं. मग ते काढून, क्लॉक डिसेबल होतानाची प्रत्येक नोंद थेट कन्सोलवर छापणारे पॅरामीटर लावले. या वेळीही बोर्ड मुका झाला, पण मुका होण्याआधी एकामागून एक क्लॉकची नावं छापत गेला, आणि सगळ्यात शेवटचं नाव सिरियलच्या क्लॉकचं होतं. डिव्हाइस ट्रीमधून आकड्याची ओळ काढली, तिथे क्लॉकच्या संदर्भाची ओळ घातली. एक ओळ गेली, एक आली.

अशा वेळी दुसरा एक मोह होतो: क्लॉक पुरवणाऱ्याच्या कोडमध्ये जाऊन त्या क्लॉकवर एक फ्लॅग लावून टाकायचा. इथे दोन फ्लॅगांची नावं लोकांना हमखास फसवतात. एकाचं नाव इग्नोर-अनयूज्ड, दुसऱ्याचं इज-क्रिटिकल. पहिल्याच्या टिपेचा आशय ‘वापरात नसला तरी बंद करू नका’ असा आहे, आणि वाचणाऱ्याला वाटतं की आता हा क्लॉक कायम चालू राहील. तसं नाही. तो फक्त त्या एका झाडलोटीतून वाचतो. पुढे एखाद्या ड्रायव्हरने तो एनेबल करून पुन्हा डिसेबल केला, तर आकडा एकवरून शून्यावर येतो आणि दार बंद होतं, फ्लॅग असला तरी. मेमरीच्या कंट्रोलरचा क्लॉक असा संरक्षित केला असेल, तर बोर्ड महिनाभर नीट चालतो आणि एखाद्या दिवशी कुणी यूएसबीची काडी काढल्यावर गोठतो, कारण त्या काडीच्या क्लॉकचा आणि मेमरीच्या क्लॉकचा बाप एक होता आणि बापाचा आकडा त्या क्षणी शून्यावर आला.

इज-क्रिटिकलचं वागणं वेगळं. तो लावला की क्लॉकची नोंदणी होतानाच फ्रेमवर्क स्वतः त्याचं प्रिपेअर आणि एनेबल करून ठेवतं. म्हणजे वहीत कायमचा एक आकडा कर्नलच्या नावाने, आणि त्याच्या बापालाही तो लागू. कुणी कितीही नीट उघडबंद केलं तरी तो शून्यावर येत नाही. जो बंद झाला तर सगळं यंत्रच मरेल आणि ज्याला मागणारा ड्रायव्हर नाही, त्याच्यासाठी हा. सिरियलसाठी नव्हे. सिरियलला मागणारा आहे, त्याला मागायला शिकवायचं.

या दोन टिपांची दुरुस्ती मी मनात कित्येकदा लिहिली आहे. पहिल्यात एक वाक्य वाढवायचं: ‘हा फ्लॅग फक्त बूटच्या शेवटच्या झाडलोटीपुरता आहे, पुढे मागणी शून्यावर आली तर क्लॉक बंद होईल.’ दुसऱ्यात: ‘फ्रेमवर्क स्वतः याची मागणी धरून ठेवतं.’ कोडची एकही ओळ बदलत नाही. कर्नलमध्ये असा बदलही इतर कोणत्याही बदलासारखाच जातो: कारण सांगणारा संदेश, खाली स्वतःच्या नावाची सही आणि मेंटेनरकडे पाठवणी. कोणाकडे पाठवायचं ते सांगणारी स्क्रिप्ट कर्नलच्या सोर्समध्येच आहे. पहिलं योगदान काय द्यावं असं विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हेच सुचवतो. ज्या टिपेने तुमचा दिवस खाल्ला ती टीप उघडा, कोणत्या शब्दापाशी तुमची समजूत चुकली ते शोधा आणि तेवढाच शब्द बदलून पाठवा. समजूत चुकल्याची आठवण ताजी असते तेव्हाच हे नीट लिहिता येतं. दोन महिन्यांनी तुम्हालाही ती टीप स्पष्टच वाटू लागते.